ब्रेंडनची सफर वाचायची तर नकाशा मिटून ठेवा

मी एकोणतीस वर्षं भूगोल शिकवला. समुद्रप्रवासाची गोष्ट हातात आली की आधी ॲटलास उघडायचा, ही खोड त्यामुळे हाडात मुरलेली. संतांच्या वचनभूमीच्या शोधात समुद्रावर निघालेल्या आयरिश मठाधिपतीची, संत ब्रेंडनची, सफर पहिल्यांदा वाचली तेव्हाही तेच केलं. उत्तर अटलांटिकचं पान काढलं, त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवला, पेन्सिलीला टोक केलं. मेंढ्यांचं बेट आलं, फेरो बेटांवर फुली मारली. पुढची पानं चाळली तर समुद्रात उभा स्फटिकाचा खांब दिसला. हा हिमनग, शंकाच नको. त्याच्या पुढे जळते गोळे फेकणारे लोहार आणि धुमसणारा डोंगर. तिथे आइसलंडवर फुली. मोठ्या आनंदात फुल्या रेघेने जोडायला घेतल्या आणि घोळ झाला. नाव पुन्हा मेंढ्यांच्या बेटावर येत होती. पुन्हा तोच मासा, पुन्हा तेच पक्षी. पुढच्या वर्षीही तेच. असं सात वर्षं. कागदावर मार्ग उमटलाच नाही, नुसता गुंता झाला.

हा गुंता म्हणजेच गोष्ट आहे, हे कळायला मला दुसरं वाचन लागलं. तुमचं पहिलं वाचन वाया जाऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

आधी काय वाचायचं ते ठरवू. मध्ययुगीन आयर्लंडमध्ये समुद्रावर भटकण्याच्या कथांचा एक प्रकारच होता. त्याला ‘इमराम’ म्हणतात. शब्दाचा अर्थ साधारण ‘वल्हवत फिरणं’. यातल्या बहुतेक कथा जुन्या आयरिश भाषेत आहेत. ब्रेंडनची मात्र लॅटिनमध्ये आहे, नाव ‘नाविगातियो’. लिहिणारा कोण हे माहीत नाही. काळ आठव्या ते दहाव्या शतकाच्या दरम्यानचा. शंभराहून अधिक हस्तलिखितं टिकली आहेत, म्हणजे युरोपभर ती किती वाचली गेली असेल याची कल्पना करा. सुरुवात हिच्यापासूनच करा. याच प्रकारातली आयरिश कथा, मेल दूनची सफर, जास्त रंगतदार आहे, मुंग्या आणि राक्षसी घोडे आहेत, पण ती आधी वाचली तर ब्रेंडन मिळमिळीत वाटेल. मुलांना जेवणाआधी गोड देत नाहीत, त्यातला प्रकार.

आता एक वही घ्या. कोऱ्या पानावर मोठं वर्तुळ काढा. त्यावर घड्याळाच्या आकड्यांसारखे ख्रिस्ती वर्षाचे टप्पे लिहा: नाताळ, प्रकटीकरणाचा सण, चाळीस दिवसांचा उपवासकाळ, ईस्टरआधीचा पवित्र गुरुवार, ईस्टर, आणि ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशी येणारा पेंटेकॉस्ट. वाचताना ब्रेंडनची नाव कुठल्या दिवशी कुठे आहे, एवढंच त्या वर्तुळावर भरत जायचं. दिशा, वारा, अंतर लिहू नका. मोह होईल. पंधरा दिवस अमुक वाऱ्याने गेले असं वाक्य आलं की माझा हात अजूनही पट्टीकडे जातो.

एका वर्षात चित्र स्पष्ट होतं. पवित्र गुरुवार मेंढ्यांच्या बेटावर. ईस्टरची रात्र यास्कोनियस नावाच्या माशाच्या पाठीवर. ईस्टर ते पेंटेकॉस्ट पक्ष्यांच्या बेटावर. नाताळ संत आल्बेच्या मठात. पक्ष्यांपैकी एक येऊन ब्रेंडनला सांगतो की एक वर्ष झालं, सहा उरली, आणि दर वर्षी सण याच ठिकाणी होतील. म्हणजे शोधायचं काही नाही. वेळ झाली की जागा आपोआप समोर येते. मठात घंटा झाली की मठवासी प्रार्थनागृहात जातात, तसंच हे. तिथे माणूस घंटेकडे चालत जातो, इथे नाव घंटेकडे वाहत जाते, एवढाच फरक.

हे असं का लिहिलं असेल, याचा माझा अंदाज सांगते. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठांसाठी नियम घालून दिले. त्यात पहिल्याच प्रकरणात मठवाशांचे प्रकार सांगितले आहेत, आणि सगळ्यात वाईट प्रकार कोणता, तर या मठातून त्या मठात तीन-चार दिवस पाहुणचार झोडत फिरणारे. एका जागी राहणं हे व्रत होतं. दुसरीकडे आयरिश लोकांना देवासाठी घरदार, भाऊबंद सोडून निघून जाणं ही सगळ्यात मोठी तपश्चर्या वाटे. एका जुन्या आयरिश प्रवचनात हौतात्म्याचे तीन रंग सांगितले आहेत. त्यातलं पांढरं हौतात्म्य म्हणजे जे जे प्रिय आहे त्यापासून देवासाठी दूर जाणं. तलवार नाही, रक्त नाही, फक्त निघून जाणं. मग भटकणं पुण्य की पाप? नाविगातियो लिहिणाऱ्याने हा पेच मोठ्या हुशारीने सोडवला आहे. त्याचा ब्रेंडन सात वर्षं समुद्रावर आहे आणि तरी एका जागी राहतो.

वहीत दुसरं पान जेवणासाठी ठेवा. हसू नका. या कथेत कोण, काय, किती आणि किती दिवसांनी खातो हे जितकं नेमकं लिहिलं आहे तितकं दुसरं काहीच नाही. निघण्यापूर्वी ब्रेंडन आणि त्याने निवडलेले चौदा मठबंधू चाळीस दिवसांचा उपवास करतात, तीन-तीन दिवसांच्या टप्प्यांनी. नाव बांधतात ती लाकडी सांगाड्यावर बैलाची कातडी ताणून. कातडी ओकच्या सालीत कमावलेली, सांध्यांना चरबी. नावेत चाळीस दिवसांची शिधा. हा चाळीसचा आकडा दिसला की खाली रेघ मारत चला. पहिलं बेट सापडेपर्यंत चाळीस दिवस, आल्बेच्या बेटाभोवती धक्का शोधत चाळीस दिवस, शेवटच्या टप्प्यात संतांच्या वचनभूमीकडे जाताना चाळीस दिवस, तिथे फिरण्यात चाळीस दिवस. हे दिवस मोजून वेग काढायला बसलात तर फसाल. मी काढला होता. चाळीस हा उपवासकाळाचा आकडा आहे. लेखक सांगतो आहे की हे लोक कायम ईस्टरच्या वाटेवर आहेत.

जेवणाच्या पानावर एक झरा नक्की लिहा. थकलेले बंधू एका बेटावर पाणी पितात. ब्रेंडन बजावतो की बेताने प्या. कुणी एक पेला पितं, कुणी दोन, कुणी तीन. आणि एक पेलावाले एक दिवस, दोनवाले दोन दिवस, तीनवाले तीन दिवस गाढ झोपतात. पाण्यात विष आहे असं कुठे म्हटलेलं नाही. देवाने दिलेलंच पाणी आहे, फक्त मापाबाहेर प्यायलं. झोपल्यामुळे काय बुडालं? प्रार्थनेच्या वेळा बुडाल्या. ब्रेंडनला दुःख त्याचं आहे.

यास्कोनियसचा प्रसंग सगळ्यांना माहीत असतो: बंधू बेट समजून उतरतात, चूल पेटवतात, आणि बेट हलायला लागतं. चित्रांमध्ये हाच प्रसंग असतो. पण वाचताना तीन बारकावे सुटतात. एक, ब्रेंडन रात्रभर नावेतच राहतो. हे बेट म्हणजे काय हे त्याला ठाऊक आहे, पण बंधू घाबरतील म्हणून तो बोलत नाही. दोन, त्या रात्री बंधू त्या पाठीवर प्रार्थना करतात आणि सकाळी मिस्सा, म्हणजे ख्रिस्तप्रसादाचा विधी, म्हणतात. मासा तोवर हलत नाही. तो हलतो ते प्रार्थना आटोपून हंड्याखाली जाळ केल्यावर. तीन, आणि हा माझा सगळ्यात आवडता, पुढच्या ईस्टरला ते परत येतात तेव्हा मागच्या वर्षी टाकून पळालेला हंडा माशाच्या पाठीवर तसाच असतो. वर्षभर समुद्रात फिरून. वहीत त्या हंड्याचं छोटं चित्र काढा. या मठाचं स्वयंपाकघर पक्कं आहे याचा तो पुरावा.

(माशाबद्दल ब्रेंडन सांगतो की तो आपलं शेपूट तोंडाला लावायचा सतत प्रयत्न करतो, पण लांबीमुळे जमत नाही. वर्तुळ पुरं करू पाहणारा मासा! लेखकाला ही गंमत कळली असणारच.)

पक्ष्यांच्या बेटावर आलात की वाचनाचा वेग कमी करा. शक्य असेल तर हा भाग दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी थोडा थोडा वाचा. झाडाचं पान दिसू नये इतके पांढरे पक्षी, आणि ते मठाच्या वेळापत्रकाप्रमाणे गातात. सांजवेळी दाविदाच्या स्तोत्रातली एक ओळ, सियोनातल्या देवाला स्तवन शोभतं अशा अर्थाची, ती घोळवून घोळवून तासभर. मध्यरात्री वेगळी ओळ, पहाटे वेगळी, मग दिवसाचा तिसरा तास, सहावा, नववा. बोलायला येणाऱ्या पक्ष्याच्या पंखांचा आवाज हातघंटेसारखा येतो. हे पक्षी म्हणजे देवाविरुद्ध उठलेल्या ल्युसिफरच्या पतनात सापडलेले देवदूत. त्याच्या पापात ते सामील नव्हते, तरी खाली आले. त्यांना शिक्षा नाही, पण देवाचं सान्निध्यही पूर्ण नाही. सणाच्या आणि रविवारच्या दिवशी त्यांना हे पक्ष्यांचं रूप मिळतं आणि ते बसून गातात. पहिल्या वाचनात मी इथे ‘हा कोणता समुद्रपक्षी असावा’ असं समासात लिहून ठेवलं होतं. ते खोडायला नको म्हणून तसंच ठेवलं आहे.

आल्बेच्या मठासाठी एक संध्याकाळ राखून ठेवा. संपूर्ण कथेत मला हा भाग सगळ्यात खोल वाटतो, आणि साहसाच्या शोधात आलेला वाचक नेमका हाच उडवतो. बेटावर चोवीस बंधू आहेत. ऐंशी वर्षं झाली, देवाच्या स्तुतीखेरीज कुणाचा आवाज कुणी ऐकलेला नाही. काही सांगायचं तर बोटाने नाहीतर डोळ्याने. रोज कोठीत बारा भाकऱ्या येतात. कोण भाजतं, कोण आणतं, ठाऊक नाही. दोघांत एक. रविवारी आणि सणाला प्रत्येकी एक अख्खी. ब्रेंडनची मंडळी आली त्या दिवशी भाकऱ्या आपोआप दुप्पट झाल्या. संध्याकाळी खिडकीतून अग्नीचा एक बाण आत येतो, वेदीपुढचे दिवे लावतो आणि परत जातो. वात जळते पण झिजत नाही, सकाळी काजळी नाही. या माणसांना आजार नाही, म्हातारपण नाही.

एवढं वाचून ब्रेंडनला वाटतं तेच तुम्हालाही वाटेल: इथेच राहावं. तो तसं विचारतोही. मठाधिपती नकार देतात. तू आपल्या चौदा जणांना घेऊन आपल्या जागी परत जायचं आहेस, तुझी माती तिथे तयार आहे, असं सांगतात. इथे थांबा आणि पुस्तक थोडा वेळ बाजूला ठेवा. सगळ्यात पवित्र जागा सापडली आहे आणि तिथे राहायला परवानगी नाही. पांढरं हौतात्म्य म्हणजे काय, हे मला त्या प्रवचनापेक्षा या नकारातून जास्त कळलं.

आता मागे जा आणि सुरुवातीच्या तीन बंधूंचा हिशेब लावा. नाव सुटताना मठातले तिघे धावत येतात, आम्हाला घ्या म्हणतात, नाहीतर इथेच उपाशी मरू. ब्रेंडन घेतो, पण त्याच वेळी सांगतो की एकाचं भलं होईल, दोघांचं वाईट होईल. पहिला चोरी करतो, निर्मनुष्य बेटावरच्या वाड्यातला चांदीचा लगाम लपवतो. पकडल्यावर त्याच्या छातीतून सैतानाचं पोर ओरडत बाहेर पडतं. तो पश्चात्ताप करतो, ख्रिस्तप्रसाद घेतो आणि मरतो. दुसरा तीन गायकवृंदांच्या बेटावर, मुलं, तरुण आणि म्हातारे आळीपाळीने स्तोत्रं गातात तिथे, कायमचा राहतो. तिसऱ्याला जळत्या डोंगराच्या किनाऱ्यावर सैतानांचा घोळका ओढून नेतो. त्याने काय केलं होतं? कथा सांगत नाही. मला वाटतं, न निवडता आला हेच पुरेसं होतं. हे कडक वाटेल. पण आयोना मठाचे मठाधिपती आदोम्नान यांनी इ. स. ७०० च्या सुमारास संत कोलुंबाचं चरित्र लिहिलं, त्यात असाच किस्सा आहे. कोर्मक नावाचा साधू समुद्रात निर्जन जागा शोधायला निघतो आणि त्याला ती मिळत नाही. कारण? सोबतच्या एका मठवाशाने आपल्या मठाधिपतीची परवानगी घेतलेली नव्हती. वादळाचं, वाऱ्याचं नाव नाही. परवानगी नव्हती, संपलं.

यहूदाचा खडक वाचताना वर्तुळाचं पान उघडं ठेवा. येशूला विकणारा यहूदा लाटांमध्ये एका खडकावर बसलेला दिसतो, समोर लोखंडी आकड्यांना टांगलेलं फडकं वाऱ्याने त्याच्या डोळ्यांवर आपटतं आहे. तो सांगतो की ही शिक्षा नाही, ही सुट्टी आहे. दर रविवारी, एका सांजप्रार्थनेपासून दुसऱ्या सांजप्रार्थनेपर्यंत. शिवाय नाताळ ते प्रकटीकरण, ईस्टर ते पेंटेकॉस्ट आणि मरियेचे दोन सण. बाकीचे दिवस जळत्या डोंगरात. म्हणजे नरकातही तेच कॅलेंडर चालतं! आणि खडकावरच्या वस्तू पाहा. फडकं त्याने कधीतरी एका कुष्ठरोग्याला दिलं होतं, पण ते त्याचं स्वतःचं नव्हतं, म्हणून आराम देण्याऐवजी त्रास देतं. लोखंडी आकडे त्याने देवळातल्या याजकांना भांडी टांगायला दिले होते. खालचा दगड त्याने रस्त्यातल्या खड्ड्यात टाकला होता, लोकांना चालता यावं म्हणून. इतक्या पापावरही तो दगड मोजला गेला. ब्रेंडन सैतानांना अडवून त्याला आणखी एक रात्र मिळवून देतो, सूर्योदयापर्यंत. फक्त एक रात्र.

एवढं झालं की मग ॲटलास काढायला हरकत नाही. कारण ही माणसं खरंच समुद्रावर जात होती. आयर्लंडमधल्या केरीच्या किनाऱ्यापासून साधारण बारा किलोमीटरवर स्केलिग मायकल नावाचा सुळका आहे. सहाशेहून जास्त दगडी पायऱ्या चढून गेलं की मधमाशांच्या पोळ्यासारख्या आकाराच्या दगडी खोल्या. तिथे मठवासी राहत होते. दिकुइल नावाच्या आयरिश विद्वानाने ८२५ मध्ये लिहिलं आहे की काही धर्मगुरू उत्तरेच्या थुले बेटावर (बहुधा आइसलंड) १ फेब्रुवारी ते १ ऑगस्ट राहून आले, आणि तिथे उन्हाळ्यात मध्यरात्रीही इतका उजेड असतो की माणूस अंगरख्यातल्या उवा वेचू शकतो. भूगोलाच्या पुस्तकात यापेक्षा प्रामाणिक निरीक्षण मी वाचलेलं नाही. इंग्लंडच्या बखरीत ८९१ सालची नोंद आहे: तीन आयरिश माणसं वल्ह्याविना नावेतून आल्फ्रेड राजाकडे आली. नाव अडीच कातड्यांची, शिधा सात दिवसांची. देवासाठी परदेशात जायचं होतं, कुठेही पोचलं तरी त्यांना चालणार होतं. १९७६–७७ मध्ये टिम सेव्हरिन आणि त्यांचे साथीदार कातडी नावेतून आयर्लंडहून न्यूफाउंडलंडला पोचलेही. नाव टिकते, हे त्यातून सिद्ध झालं. पण त्यांचा मार्ग एक रेघ होता, आणि ब्रेंडनला रेघ काढायचीच नव्हती.

शेवटी मेल दून. आता ती कथा वाचा, आणि वही तीच ठेवा. हा नायक मठवासी नाही. वडिलांच्या खुन्याला मारायला निघालेला तरुण आहे. आई मात्र किल्डेअरच्या मठातली. द्रुइड, म्हणजे जुन्या आयरिश धर्माचा पुरोहित, त्याला नावेत किती माणसं घ्यायची तो आकडा सांगतो. इथेही तीन दूधभाऊ पोहत मागून येतात आणि आकडा मोडतो. पहिल्याच रात्री एका बेटावर खुनी बढाई मारताना त्याच्या कानावर पडतो, हाताच्या अंतरावर आहे, आणि वादळ नावेला उचलून नेतं. इथेही एक दूधभाऊ चोरी करतो. गळ्यातला दागिना उचलतो, आणि राखण करणारं मांजर जळत्या बाणासारखं त्याच्या आरपार जाऊन त्याची राख करतं. ब्रेंडनच्या चोराशी ताडून पाहा. तिथे पश्चात्तापाला आणि प्रसादाला वेळ होता.

बेटांमागून बेटं येतात, ती भराभर वाचा. थांबा एका म्हाताऱ्याजवळ. तो टोरी बेटावरच्या मठाचा आचारी होता, मठाचं अन्न चोरून विकायचा. आता एका खडकावर केसांनी झाकलेला बसला आहे आणि पाणमांजरं त्याला मासे आणून देतात. नाविगातियोतल्या पॉल या एकांतवाशालाही पाणमांजरच मासा आणून देत होतं, ते आठवेल. हा आचारी मेल दूनला सांगतो: तू घरी पोचशील, खुनी तुला भेटेल, पण त्याला मारू नकोस. देवाने तुला इतक्या संकटांतून वाचवलं, आणि तुम्हीही मरणाला पात्र होतातच.

नाव परत त्याच पहिल्या बेटावर लागते. आत माणसं जेवायला बसली आहेत. एकजण विचारतो, आत्ता मेल दून आला तर? प्रमुख म्हणतो, आला तर चांगलं स्वागत करू, फार वर्षं हाल काढलेत त्याने. बाहेर मेल दून दार ठोठावतो.

इथून पहिल्या बेटापर्यंत वहीत एक बाण काढा. माझा बाण मधल्या सगळ्या बेटांना वळसा घालता घालता पानाबाहेर गेला. शेवटी तो जुना ट्रेसिंग पेपर उलटा करून तिथे चिकटवला.